कन्सोल उघडण्याआधी : मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी

प्लेस्टेशन ५ या गेम खेळायच्या कन्सोलच्या सुरक्षा पुस्तिकेत तो वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असं छापलंय. मे महिन्यात परभणीत किंवा नांदेडात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, दुपारी तीनला हे ३५ अंश आणायचे कुठून? बाहेर पारा ४२-४३ ला टेकलेला, वरचा पंखा तीच झळ खाली ढकलतोय आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. यूट्यूबवर कन्सोल खोलून दाखवणारी बहुतेक मंडळी एसीत बसलेली असतात. त्यांचं बघून खरेदीची यादी करू नका. तुमच्या खोलीत तो डबा काय काय सोसतोय, ते आधी बघा आणि मग काय बसवायचं ते ठरवा.

ज्याने आजवर रिमोटच्या सेलशिवाय काही बदललेलं नाही, त्याच्यासाठी हे लिहिलंय. भर प्लेस्टेशनवर आहे, कारण आपल्याकडे कन्सोल म्हटलं की बहुतेकांच्या घरी तोच निघतो. एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचा स्विच या दुसऱ्या कन्सोलचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

दुखणं कोणतं, ते आधी

दुकानात जाऊन नुसतं “मॉड करायचंय”, म्हणजे कन्सोलमध्ये बदल करायचाय, म्हटलं, की समोरचा त्याच्या कपाटात पडून असलेली वस्तू तुमच्या गळ्यात मारणार. म्हणून घरातून निघतानाच तक्रार नेमकी करा. नवख्यांच्या तक्रारी फिरून फिरून चारच असतात. गेम टाकायला जागा उरली नाही. कंट्रोलरची स्टिक हात न लावता सरकते. पंखा बोंबलतो आणि कन्सोल मधेच बंद पडतो. चौथी तक्रार लोक जरा आवाज खाली करून सांगतात : फुकटात गेम खेळायचेत.

तक्रार ठरली की कामाची जात ओळखा. पहिली जात स्क्रूची : झाकण काढलं, वस्तू बसवली, झाकण लावलं. पीएस५ (प्लेस्टेशन ५) ची एसएसडी, म्हणजे गेम साठवायची वेगवान डिस्क, आणि पीएस४ ची हार्ड डिस्क यात येतात. दुसरी रिबनची : आत कागदासारख्या पातळ केबल असतात, त्यांचं नखाएवढं लॉक उघडून त्या सोडवाव्या लागतात. स्विचच्या जॉय-कॉनची, म्हणजे त्याच्या छोट्या कंट्रोलरची, स्टिक बदलणं हे असं काम. तिसरी सोल्डरची, म्हणजे बोर्डाला डाग देऊन जोडलेला पार्ट काढून नवा बसवायचा. पहिलीपासून सुरुवात करा, दुसरीत सावकाश शिरा. तिसरी जात शिकायचीच असेल तर ती भंगारातल्या बोर्डावर शिका, स्वतःच्या कन्सोलवर नाही.

“वीस गेम भरून देतो”

चौथ्या तक्रारीचं आधीच उरकून टाकू. “काही होत नाही ओ भाऊ, चिप टाकून वीस गेम भरून देतो, नेटची गरजच नाही” असं सांगणारे प्रत्येक शहरात आहेत. ते जे सांगत नाहीत ते असं. कॉपीराइट कायदा, १९५७ यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्काचं उल्लंघन करण्याच्या हेतूने संरक्षणाचं तांत्रिक कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते कलम म्हणतं. अमेरिकेत स्विच फोडायची साधनं विकणाऱ्या गटातल्या गॅरी बाऊझर या माणसाला फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली होती.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार आतबट्ट्याचा आहे. जेलब्रेक केलेला, म्हणजे कंपनीचं कुलूप फोडलेला, पीएस४ जुन्या सॉफ्टवेअरवरच अडकवून ठेवावा लागतो. अपडेट केलं की फट बंद. नवे गेम मात्र नवं सॉफ्टवेअर मागतात. ऑनलाइन गेलात तर कन्सोल किंवा खातं कायमचं बंद होण्याची टांगती तलवार. आणि पुढे विकायला काढलात तर जाणकार गिऱ्हाईक हात लावत नाही.

पैशांचीच अडचण असेल तर सरळ मार्ग आहे : डिस्क ड्राइव्ह असलेला कन्सोल घ्या, सेकंडहँड डिस्क घ्या, खेळा, विका, दुसरी घ्या. मित्रांमध्ये डिस्क फिरवा. डिस्क ड्राइव्ह नसलेलं डिजिटल मॉडेल घेताना जे चार पैसे वाचतात, ते डिस्कच्या या फिरवाफिरवीत केव्हाच वसूल होतात. यापुढे या लेखात चिपचा विषय नाही.

माल कुठून आणायचा

संभाजीनगरात पैठण गेटला मोबाइलचे पार्ट आणि दुरुस्तीची हत्यारं मिळतात. बारीक स्क्रू ड्रायव्हर, फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावतात ते), साफसफाईचं आयसोप्रोपिल अल्कोहोल यासाठी कुठल्याही जिल्ह्याच्या गावातली मोबाइल रिपेअरिंगची गल्ली पुरते. नांदेडकरांना हैदराबाद जवळचं. तिथे कोठीतली गुजराती गल्ली इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या मालासाठी प्रसिद्ध आहे. मुंबईला जाणं होत असेल तर देवगिरी एक्सप्रेस धरा, उतरून ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड गाठा. खरं सांगायचं तर एसएसडी आणि स्टिक या दोन गोष्टी ऑनलाइनच मागवाव्यात. तालुक्याला पार्सल दोन दिवस उशिरा येईल, पण मॉडेल नंबर नेमका मिळेल.

मागवताना विक्रेता कोण आहे ते वाचा. पार्सल फोडताना मोबाइलवर सलग, न थांबवता व्हिडिओ काढा आणि चिकटपट्टी कापण्यापासून सिरियल नंबर दिसेपर्यंतचं सगळं त्यात येऊ द्या. तोच सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी दिसते का ते त्याच दिवशी बघा. जीएसटीचं बिल नसेल तर पाचशे रुपये स्वस्त मिळाली म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. वॉरंटीच्या काउंटरवर पहिलं बिलच मागतात.

मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्हमध्ये नकली माल फार. वर लिहिलेलं ५१२ जीबी, आत ३२. डबा तेवढी जागा दाखवतोही, पण भरायला घेतलं की मागचा डेटा पुसत जातो. संगणकावर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर पूर्ण कार्ड लिहून-वाचून खरी जागा सांगते. स्विचसाठी कार्ड घेतलं तर गेम टाकण्याआधी ही चाचणी कराच. स्विच निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे आणलेला नाही, जो मिळतो तो बाहेरून आलेला, त्यामुळे वॉरंटी दुकानदाराच्या जिभेवर.

बाहेरून आलेल्या मालाचं आणखी एक. पीएस४, पीएस५ चा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट सगळं घेतो. पण काकांनी अमेरिकेतून आणलेल्या जुन्या एक्सबॉक्स ३६० चा अडॅप्टर ११० व्होल्टवाला असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात घातला की संपला. प्लग लावण्याआधी अडॅप्टरवरची ‘इनपुट’ची ओळ वाचा.

हत्यारं आणि बसायची जागा

पीएस५ च्या एसएसडीसाठी पीएच१ मापाचा चौफुली स्क्रू ड्रायव्हर एवढंच लागतं. त्याच्या ड्युअलसेन्स कंट्रोलरला पीएच००, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला मधोमध भोक असलेला सहा टोकांचा टी८ टॉर्क्स, स्विचला वाय०० नावाचा तीन पात्यांचा. मोबाइलवाल्यांचा बत्तीस तोंडांचा सेट घेतला तर बहुतेक सगळं त्यात येतं. फक्त टी८ भोकवाला आहे का ते बघून घ्या. माप थोडंसं चुकलं आणि जोर लावला, की स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं. मग तो काढायला तिसऱ्यालाच बोलवावं लागतं.

स्क्रू ठेवायला मिसळणाच्या डब्यातल्या रिकाम्या वाट्या उत्तम. प्रत्येक पायरीचे स्क्रू वेगळ्या वाटीत आणि प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. लांबीने अर्धा मिलिमीटर मोठा स्क्रू चुकीच्या जागी गेला तर बोर्डाला भोक पाडू शकतो.

आपली हवा वर्षातले बरेच महिने कोरडी. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. थंडीत ब्लँकेट ओढलं की चटचट आवाज येतो, तीच ती. चिपला ती पुरेशी घातक आहे. सतरंजी, गादी, सिंथेटिक चादर यावर काम मांडू नका. लाकडी टेबल किंवा साधी फरशी, सुती कपडे, अनवाणी पाय. सुरू करण्याआधी आणि मधूनमधून अर्थिंग असलेल्या धातूला, म्हणजे थ्री-पिनवर चालणाऱ्या फ्रिजच्या किंवा कूलरच्या उघड्या लोखंडाला हात लावा. घरात अर्थिंग खरंच आहे का हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. भाड्याच्या खोल्यांत बोर्डाला तिसरं भोक असतं, मागे तार मात्र नसते. कन्सोलच्याच पत्र्याला हात लावून अर्थिंग मिळेल असं समजू नका. पीएस५ ची पॉवर केबल दोन तारांचीच असते, तिला अर्थ नाहीच.

पीएस५ मध्ये एसएसडी

आधी विचारा, उघडायची गरज आहे का? पहिल्या पीएस५ मध्ये ८२५ जीबी लिहिलेलं, हाताशी येतात ६६७. यूएसबीची बाहेरची हार्ड डिस्क जोडली तर पीएस४ चे गेम तिच्यावरून थेट चालतात. पीएस५ चे गेम तिच्यावर साठवता येतात पण खेळता येत नाहीत, खेळायच्या वेळी आत आणावे लागतात. ज्याच्याकडे फायबर नाही, मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर भागतंय, त्याला शंभर जीबीचा गेम पुसून पुन्हा उतरवणं परवडणारं नाही. त्याला नुसती ही बाहेरची डिस्कसुद्धा मोठा आधार आहे. आणि काही उघडावं लागत नाही.

पीएस५ चेच बरेच गेम एकाच वेळी तयार हवे असतील तर मात्र आत बसणारी एम.२, म्हणजे पट्टीसारखी, एसएसडी घ्या. सोनीने ही सोय सप्टेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये उघडली. अटी अशा : पीसीआयई जेन ४ ची एनव्हीएमई (ही वेगवान जोडणीची जात), २५० जीबी ते ८ टीबी, वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० मेगाबाइट किंवा जास्त. रुंदी हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) धरून २५ मिमी आणि जाडी ११.२५ मिमीच्या आत. लांबीची मापं नावातच असतात : २२८० म्हणजे रुंदी २२, लांबी ८० मिमी. हेच माप सगळ्यात सहज मिळतं, तेच घ्या.

दुकानात फसगत होते ती इथे. सॅटावाली, म्हणजे जुन्या, हळू जोडणीची एम.२ आणि एनव्हीएमईवाली एम.२ दिसायला सारख्याच पट्ट्या. सॅटावालीला टोकाकडे बहुधा दोन खाचा असतात, आपल्याला हवी तिला एकच. पण एकच खाच जेन ३ लाही असते आणि जेन ३ पीएस५ घेत नाही. म्हणून खाच बघून थांबू नका, खोक्यावर ‘जेन ४’ शब्द शोधा. हीटसिंक आधीपासून लावलेलीच घ्या. आपल्या उन्हाळ्यात ती नसणं म्हणजे गाडी कूलंटशिवाय पळवणं. वेगळी घेतलीत तर मधल्या थर्मल पॅडवरचा पारदर्शक कागद दोन्ही बाजूंनी सोलायचा असतो, लोक एक बाजू विसरतात. एसएसडीवरचं कंपनीचं लेबल मात्र सोलू नका, वॉरंटी त्याच्यावर आहे.

आता बसवणं. आधी कन्सोलचं सॉफ्टवेअर अपडेट करा, आणि ते लाइट जाण्याच्या वेळेत करू नका. भारनियमनाचं वेळापत्रक असेल तर बघूनच बसा. मग कन्सोल पूर्ण बंद, रेस्ट मोड नाही. सगळ्या केबल काढा, स्टँड काढा, थंड होऊ द्या. सुती कापडावर आडवा ठेवा. पहिल्या, मोठ्या पीएस५ मध्ये डिस्क ड्राइव्हच्या विरुद्ध बाजूचं पांढरं कव्हर काढायचं. मागचा कोपरा उचलून सरकवलं की ते ‘कट्ट’ करून सुटतं. हा आवाज ऐकून पहिल्यांदा सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, पण काही तुटलेलं नसतं. स्लिममध्ये कव्हरचे चार तुकडे आहेत, त्यामुळे तुमच्या मॉडेलचा सोनीचा स्वतःचा व्हिडिओ एकदा बघून घ्या.

आत पंख्याच्या बाजूला एका स्क्रूने धरलेली लांबट धातूची पट्टी दिसेल. ती काढली की खाली सॉकेट आणि त्याच्यापुढे ओळीने भोकं : ३०, ४२, ६०, ८०, ११०. एका भोकात छोटा स्क्रू आणि त्याच्याखाली पितळी रंगाची बारीक चकती असते. ती चकती ८० च्या भोकावर सरकवा. हीच पायरी लोक विसरतात, मग एसएसडी टोकाला लोंबकळत राहते किंवा वाकते. एसएसडीची खाच सॉकेटच्या दातासमोर आणा, पट्टी थोडी तिरकी धरून आत सरकवा. सोन्याच्या रंगाचे संपर्क जवळजवळ दिसेनासे व्हायला हवेत. जोर लागत असेल तर थांबा, दिशा उलटी आहे. नीट बसली की सोडल्यावर ती वरच तिरकी उभी राहते, मग बोटाने खाली दाबून स्क्रू लावायचा. स्क्रू टेकला की आणखी पाव फेरा, बस्स. धातूची पट्टी परत लावायला विसरू नका. कव्हर, स्टँड, केबल.

चालू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅटची विचारणा करतो आणि वाचनाचा वेग दाखवतो. दाखवलेला आकडा ५,५०० च्या थोडा खाली आला म्हणून जीव कासावीस करू नका, गेम चालतातच. मग सेटिंगमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन नवे गेम कुठे उतरवायचे ते एम.२ वर लावा. आतलं जुनं काही पुसलं जात नाही. विचारणा आलीच नाही, तर बंद करून पुन्हा काढा-बसवा. दहातल्या नऊ वेळा ती अर्धवटच बसलेली असते.

एक्सबॉक्स सिरीज एस आणि एक्सवाल्यांना यातलं काही लागत नाही. त्यांचं विस्तार कार्ड मागच्या खाचेत नुसतं खोचायचं. महाग पडतं, पण उघडायचं काही नाही.

पीएस४ ची हार्ड डिस्क

जुना पीएस४ अजून चालत असेल तर त्याला साधी अडीच इंची सॅटा एसएसडी घालणं हा खर्चाच्या मानाने सगळ्यात फायद्याचा बदल. जाडी ९.५ मिमीपर्यंत चालते, किमान १६० जीबी. प्लेस्टेशनच्या चार खुणा कोरलेला एकच मोठा स्क्रू काढला की डिस्कचा खण बाहेर येतो. बसवणं सोपं, अडचण पुढे आहे : नव्या डिस्कवर सिस्टीम नसते.

म्हणून आधी सेव्ह केलेले गेम पेन ड्राइव्हवर घ्या. मग संगणकावर प्लेस्टेशनच्या संकेतस्थळावरून पुनर्स्थापनेची फाइल उतरवा. नेहमीच्या अपडेटची फाइल नको. पुनर्स्थापनेची फाइल साधारण एक जीबीची, मोठी असते. पेन ड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करा, त्यात ‘पीएस४’ नावाचा फोल्डर, त्यात ‘अपडेट’, दोन्ही इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, आणि त्यात ती फाइल. पॉवर बटण दुसरी बीप येईपर्यंत सुमारे सात सेकंद दाबून ठेवलं की सेफ मोड येतो. तिथे कंट्रोलर केबलने जोडावा लागतो आणि घरातल्या निम्म्या केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, डेटाच्या नाहीत. त्यामुळे बटण दाबून काही होत नसेल तर आधी केबल बदला. यादीतला सातवा पर्याय निवडायचा.

स्टिक सरकते

कंट्रोलरच्या साध्या स्टिकच्या आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्याच्यावर एक बारीक पत्रा घासत फिरतो. घासून घासून पट्टा झिजतो, आपला फुफाटा त्यात भर घालतो, आणि पात्र आपोआप डावीकडे चालायला लागतं. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर असतो, काही घासत नाही, म्हणून ती झिजत नाही. टीएमआर नावाच्या नव्या स्टिकही चुंबकावरच चालतात आणि वीज कमी खातात.

पण कंट्रोलर लगेच उघडू नका. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट करा, कंट्रोलरचं सॉफ्टवेअर अपडेट करा, गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे स्टिकची जेवढी हालचाल गेम मोजतच नाही तो भाग, थोडा वाढवा. कन्सोल बंद ठेवून स्टिकच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडून स्टिक गोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. सॅनिटायझर घालू नका, त्यात ग्लिसरीन असतं. पेट्रोल, थिनर तर नावही काढू नका. वॉरंटी शिल्लक असेल तर यातलं काहीच न करता कंट्रोलर सरळ सेवा केंद्राकडे द्या.

एवढं करून भागलं नाही, तरच स्टिक बदलायची. स्विचच्या जॉय-कॉनमध्ये ती रिबनने जोडलेली असते, धीर असेल तर नवखाही बदलू शकतो. ड्युअलसेन्समध्ये एका स्टिकला बोर्डावर १४ ठिकाणी सोल्डर असतो. त्यातल्या चार पायांना तांब्याचा मोठा पत्रा जोडलेला, तो सगळी उष्णता ओढून घेतो. स्वस्तातली २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री तिथे टेकवून बसलं तर डाग वितळत नाही, माणूस वैतागतो, स्टिक ओढतो आणि भोकातला तांब्याचा कडा उपटून येतो. तिथे कंट्रोलरच संपला. हे काम करायला ६० वॉटची तापमान लावता येणारी इस्त्री लागते, भरपूर फ्लक्स, आणि एक युक्ती : कारखान्यातला शिसेविरहित सोल्डर उशिरा वितळतो, म्हणून प्रत्येक पायावर आधी आपला ६३-३७ चा शिसेवाला सोल्डर थोडा चढवायचा. दोन्ही मिसळले की डाग लवकर सुटतो, मग पंपाने किंवा विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) ओढून घ्यायचा. खिडकी उघडी, धूर नाकाजवळ नको.

हात बसवायला भंगारवाल्याकडून बंद पडलेला सेट-टॉप बॉक्स घ्या आणि त्याचे पार्ट काढा-लावा. भोकं शाबूत ठेवून सुटायला लागले की मग कंट्रोलर. नाहीतर गावातल्या चांगल्या मोबाइल कारागिराकडे जा. अनेकांनी आयटीआय केलेलं असतं, त्यांना हे अवघड नाही. फक्त स्टिक तुम्ही न्या आणि बोलणी आधी करा : बोर्ड खराब झाला तर काय? आणखी एक गोष्ट कारागिराला माहीत नसते ती तुम्हाला माहीत असू द्या. नवी स्टिक बसवल्यावर कॅलिब्रेशन करावं लागतं. कंट्रोलर यूएसबीने संगणकाला जोडून क्रोममधल्या कॅलिब्रेशन साधनातून मध्य आणि घेर, दोन्ही लावून कायमचं साठवायचं. हे न करता “हॉलवाली पण सरकते” म्हणून स्टिक परत पाठवणारे बरेच भेटतात.

ऊन, धूळ आणि लाइट

पंख्याचा आवाज वाढला की लोक थर्मल पेस्टपर्यंत, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणाऱ्या लेपापर्यंत, पोचतात. आधी धूळ काढा. पीएस५ चं कव्हर काढल्यावर दोन धूळ-खोबणी दिसतात, त्यांच्या भोकातून व्हॅक्यूमने धूळ ओढायची सोय कंपनीनेच ठेवलीय. पंख्याची पाती बोटाने धरूनच ब्रश किंवा हवा मारा. हवेच्या झोताने पंखा गरगरला तर बेअरिंग जातं. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, एवढं बहुतेकांना पुरतं. रस्त्याकडेच्या घरात जास्त वेळा.

पेस्टचं काम पीएस४ पुरतंच ठेवा. पूर्ण खोलून, हीटसिंक उतरवून, जुनी वाळलेली पेस्ट अल्कोहोलने पुसून नवा थेंब टाकायचा. हे रिबनच्या जातीचं काम आहे. मधे पॉवर सप्लाय काढावा लागतो, तेव्हा प्लग काढून बराच वेळ गेल्यावरच हात घाला आणि तो सप्लाय स्वतः कधीही फोडू नका. पीएस५ मध्ये प्रोसेसरवर पेस्ट नसून द्रवरूप धातू आहे. तो वीज वाहतो. एक थेंब बाजूला सांडला की बोर्ड गेला. नवख्याने तिथे जायचंच नाही.

मागे यूएसबीवर लावायचे जादा पंखे विकतात, ते घेऊ नका. काही तर कन्सोलची गरम हवा बाहेर पडायची वाटच अडवतात. त्यापेक्षा कन्सोल टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढा, भिंतीपासून दहा सेंटीमीटर तरी लांब ठेवा, आणि आईने प्रेमाने टाकलेला भरतकामाचा रुमाल खेळताना बाजूला करा. कूलर लावत असाल तर खोली गार होते हे खरं, पण कन्सोल त्याच्या थेट झोतात नको, त्या हवेत पाण्याचे कण असतात. दुपारी बारा ते चार खेळ बंद ठेवला तर यातल्या निम्म्या गोष्टी लागतही नाहीत.

विजेसाठी : पीएस५ च्या लेबलवर सुमारे ३५० वॉट लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष खेळताना साधारण २०० च्या आसपास खातो. संगणकाचा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटचा. टीव्हीही त्याच्यावरच असेल तर १००० व्हीए घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर तो साइन वेव्ह असू द्या आणि मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे लाइट जाता-येता कन्सोल बंद पडत नाही. आणि वळवाचे ढग दिसले की नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, टीव्हीला आलेली डिशची वायर आणि लॅनची वायरही काढा. विजेचा झटका त्या वायरीतून टीव्हीत आणि तिथून एचडीएमआयच्या केबलीतून कन्सोलच्या पोर्टमध्ये शिरतो.

कुणी आधीच उघडलेला कन्सोल घेताना

सेकंडहँड घेताना रात्री, घाईत, चौकात व्यवहार करू नका. विकणाऱ्याच्या घरी जाऊन तासभर जड गेम चालवून बघा. पंखा कसा वाजतो, बंद पडतो का, डिस्क घेतो आणि परत देतो का. स्क्रूची डोकी बघा. खरवडलेली असतील तर आत कोण कोण जाऊन आलंय ते विचारा. “एसएसडी टाकलीय” म्हणत असेल तर स्टोरेजमध्ये उघडून नाव आणि जागा बघा. सॉफ्टवेअरची आवृत्ती फार जुनी आणि “अपडेट करू नका” अशी सूचना सोबत मिळत असेल, तर तो फोडलेला कन्सोल आहे. त्याच्या मोबाइलचं नेट जोडून स्वतःच्या खात्याने ऑनलाइन जाऊन बघा, कन्सोलवर बंदी असेल तर तिथेच कळतं. शेवटी विकणाऱ्याला त्याचा आयडी तुमच्यासमोर काढायला लावा, कन्सोल रीसेट करून पहिल्या पानावर येऊ द्या, आणि पैसे त्यानंतर द्या.